खुली जी तार: उन्हाळी महोत्सवाच्या पहिल्या संध्याकाळच्या प्रकल्प नोंदी

ठिकाण: मिशिगन सरोवराकाठचा छत असलेला उघडा मंच. मंचासमोर ३५ मीटरपर्यंत खुर्च्या, तिथून ९५ मीटरपर्यंत हिरवळ. नोंदी मंच, प्रती (वादकांची छापील स्वरलिपी) आणि ध्वनी या तीन कामांपुरत्या.

३ मार्च

उद्घाटनाचा कार्यक्रम पक्का झाला. ११ जून, संध्याकाळी साडेसहा. राष्ट्रगीत, द्वोर्जाकचा ‘कार्निव्हल’ ओव्हर्चर, मेंडेल्सनचा ई मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांची रचना), मध्यंतर, द्वोर्जाकची आठवी सिंफनी. सोलोइस्ट, म्हणजे एकल व्हायोलिनवादक, सतरा वर्षांची आहे.

मेंडेल्सन निवडल्याचा आनंद आहे आणि धाकही. या कॉन्चेर्टोत सोलोइस्टला तयारीला वेळच मिळत नाही. बीथोव्हेनच्या कॉन्चेर्टोत आधी वाद्यवृंद तीन-साडेतीन मिनिटं वाजवतो, तेवढ्यात सोलोइस्टचे हात गरम होतात आणि ध्वनीवाल्याचा फेडर (आवाजाची पातळी ठरवणारी सरकती कळ) जागेवर येतो. इथे दीड बार (तालाचा एक खंड म्हणजे बार) झाला की व्हायोलिन सुरू, तेही वरच्या ई तारेवर. त्यामुळे पहिल्या सुराआधी माइक उघडा आणि बरोबर पातळीवर असलाच पाहिजे.

वाद्यसंख्या: फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बासून, हॉर्न आणि ट्रम्पेट प्रत्येकी दोन, टिंपनी, तंतुवाद्यं. ओव्हर्चरला हॉर्न चार, ट्रॉम्बोन तीन, शिवाय ट्यूबा, हार्प, खंजिरी, झांजा. म्हणजे ओव्हर्चर संपल्यावर मंच हलका करावा लागणार. तंतुवाद्यं १२-१०-८-६-४ (पहिली व्हायोलिनं, दुसरी व्हायोलिनं, व्हायोला, चेलो, डबल बास) ठेवावीत असं कंडक्टरांनी कळवलं आहे. उघड्यावर मोठा ताफा लागतो ही समजूत इथे चालत नाही. माइक लावल्यावर वादकांची संख्या आवाज वाढवत नाही, फक्त सोलोइस्टच्या माइकमध्ये इतरांचा आवाज जास्त शिरतो.

१७ मार्च

प्रती आल्या आणि पहिली अडचण निघाली. कंडक्टरांची स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) बेरेनरायटर या प्रकाशकाची, वादकांच्या प्रती जुन्या छपाईच्या पुनर्मुद्रणाच्या. स्कोअरमध्ये बार क्रमांक आहेत, प्रतींमध्ये फक्त अक्षरं. तालमीत कंडक्टर म्हणणार ‘बार दोनशे नव्व्याण्णव’ आणि पन्नासावर माणसं अक्षरावरून मोजत बसणार. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट गेला तरी पन्नास मिनिटांच्या तालमीत दहा मिनिटं त्यातच जातात.

उपाय कंटाळवाणा पण एकच: प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पेन्सिलीने बार क्रमांक. तंतुवाद्यांचे २० स्टँड (दोघांत एक: ६, ५, ४, ३, २), फुंकवाद्यांच्या १२ प्रती, टिंपनीची एक. एकूण ३३. दोघांनी दोन दिवस धरले आहेत. लिखाण २बी पेन्सिलीनेच. शाई आणि हायलायटर नको. मंचावरच्या दिव्यात पिवळा हायलायटर पांढरा दिसतो, आणि प्रती पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला लागतात.

क्रमांक घालताना विरामांचे ठोकळे तपासायचे. ‘१४ बार विराम’ असा ठोकळा एका प्रतीत १३ चा छापला गेला असेल, तर ती चूक पहिल्या तालमीत ट्रम्पेटच्या चुकीच्या प्रवेशातूनच कळते.

९ एप्रिल

गजाच्या खुणा (गज कुठे वर, कुठे खाली) कॉन्सर्टमास्टर बाईंकडून, म्हणजे पहिल्या व्हायोलिनांच्या प्रमुखांकडून, आल्या. त्यांनी सोलोइस्टची प्रत आधी मागवून घेतली होती, हे फार चांगलं केलं. सोलोइस्ट एखादा वाक्यांश वरच्या गजाने सुरू करते आणि लगेच तोच वाक्यांश पहिल्या व्हायोलिनांकडे जातो. तिथे दिशा उलटी असेल तर ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण वाक्य तुटल्यासारखं वाटतं.

खुणा आधी पाच प्रमुख प्रतींवर, मग मागच्या स्टँडांवर. मागच्या स्टँडवर खुणा उतरवताना चूक हमखास होते ती ओळ बदलताना: ओळीच्या शेवटी सुरू झालेला स्लर (एकाच गजात वाजवायच्या सुरांवरची कमान) पुढच्या ओळीवर उतरवायचा राहतो. म्हणून तपासणी उलट दिशेने, शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे. सुरांच्या ओघात डोळा पुढे सरकत नाही आणि चूक दिसते.

२४ एप्रिल

या प्रकल्पातलं सगळ्यात अवघड ठिकाण आज टेबलावर आलं.

पहिल्या भागात तिसऱ्या मिनिटाच्या आसपास दुसरा विषय येतो. सोलो व्हायोलिन खाली उतरत उतरत खुल्या, म्हणजे बोट न लावलेल्या, जी तारेवर येऊन थांबतं आणि तो एकच सूर धरून ठेवतं. वर क्लॅरिनेट आणि फ्लूट अतिशय हळू आवाजात जी मेजरची चाल म्हणतात. म्हणजे आठेक बार, दहा-अकरा सेकंद, सोलोइस्ट साथीला आणि वाद्यवृंद गायनाला. आपल्याकडे तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला ही जागा लगेच कळते: व्हायोलिन त्या क्षणी षड्ज देत असतं. तो जी ऐकू आला नाही तर हिरवळीवरच्या माणसाला वाटेल की सोलोइस्ट थांबली.

आता भौतिकी. खुल्या जीचा मूळ स्वर १९६ हर्ट्झ. व्हायोलिनच्या पोटातल्या हवेचा अनुनाद २७० ते २८० हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याच्या खाली वाद्य फारसा आवाज बाहेर टाकत नाही. त्यामुळे १९६ मुळातच अशक्त. कान जी ओळखतो तो ३९२, ५८८, ७८४ या उपस्वरांवरून. दुसरीकडे वाऱ्याची घरघर १०० ते १५० हर्ट्झच्या खाली सगळ्यात जास्त असते, म्हणून उघड्यावर व्हायोलिनच्या माइकला २०० हर्ट्झवर लो-कट (त्याखालचे स्वर गाळणारी चाळणी) लावायची सवय असते. बाकी कॉन्चेर्टोत ते खपून जातं. या अकरा सेकंदांत नाही. आधीच अशक्त असलेला पाया आणखी अशक्त होतो आणि जी नाकातून आल्यासारखा पातळ होतो.

निर्णय: लो-कट १२० हर्ट्झवर, १२ डेसिबल प्रति सप्तक. वाऱ्याची उरलेली घरघर माइकच्या केसाळ आवरणाने थांबवायची. नुसता स्पंज पाच मीटर प्रति सेकंदाच्या वाऱ्यात पुरत नाही.

माइक कोणता हा प्रश्न वाद्याच्या करारानेच सोडवला. वाद्य उधारीवर मिळालेलं आहे आणि वाद्याला काहीही अडकवायला मनाई आहे. त्यामुळे कडेला चिमट्यासारखा बसणारा डीपीए ४०९९ माइक बाद. तो लावता आला असता तर वादक हलली तरी अंतर बदललं नसतं. आता स्टँडवर लहान डायफ्रामचा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) कंडेन्सर माइक, वाद्याच्या वर ८० सेंटिमीटर, तोंड एफ-छिद्रांच्या मधल्या भागाकडे. सोबत त्याच स्टँडवर तसाच दुसरा, केवळ राखीव. दोन्ही एकाच वेळी उघडे ठेवायचे नाहीत, आवाज पोकळ होतो.

८० सेंटिमीटरचं १२० झालं की पातळी साडेतीन डेसिबलने पडते. सोलोइस्ट सरळ उभी राहून वाजवत नाही, राहूही नये. तिला हलू नको असं कुणीही सांगायचं नाही. फेडरवर स्कोअर वाचता येणारा माणूस बसवायचा.

१२ मे

रिकाम्या हिरवळीवर मोजमाप. हवा २० अंश, म्हणून ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला.

शिकागोच्या मिलेनियम पार्कमधल्या, फ्रँक गेरींनी आखलेल्या प्रिट्झकर पॅव्हिलियनमध्ये (२००४) हिरवळीवर पोलादी नळ्यांची जाळी आहे आणि स्पीकर त्या जाळीला टांगलेले आहेत. मधे खांब येत नाहीत आणि आवाज वरून सारखा पडतो. आपल्याकडे जाळी नाही, स्पीकरांचे दोन मनोरे आहेत: मुख्य स्पीकरांपासून ४० आणि ६८ मीटरवर.

४० मीटरला आवाज पोचायला ११६.६ मिलिसेकंद, ६८ मीटरला १९८. मनोऱ्यांनी आवाज तेवढाच उशिरा सोडायचा; त्यावर १२ मिलिसेकंद जास्त ठेवले, म्हणजे १२९ आणि २१०. हा जादा उशीर मुद्दाम. कान आधी पोचलेल्या आवाजाची दिशा खरी मानतो. मंचाकडचा आवाज किंचित आधी आला की मनोऱ्याचा स्पीकर जवळ असूनही व्हायोलिन मंचावरच वाजतंय असं वाटतं. हा फरक शून्य ठेवला तर मान आपोआप खांबाकडे वळते.

तापमानाचा परिणाम: ३० अंशांना ६८ मीटरचा वेळ १९५ वर येतो. फरक तीनच मिलिसेकंद, १२ च्या पोटात बसतो. संध्याकाळभर आकडे बदलत बसायची गरज नाही.

वरचे स्वर मात्र खरोखर गळतात. २० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला ८ किलोहर्ट्झचा आवाज शंभर मीटरमध्ये सुमारे १० डेसिबल हवेतच जिरतो, ४ किलोहर्ट्झचा सुमारे ३. हवा कोरडी असेल तर आणखी जास्त. दुसऱ्या मनोऱ्याला वरच्या पट्ट्यात हळुवार चढ दिला. जास्त दिला तर गजाची खरखर ऐकू येते, जी पहिल्या रांगेतही कुणी ऐकत नाही.

१३ मे

चिमटे मागवले. लाकडी, कपडे वाळत घालायचे, प्रत्येक स्टँडला चार, थोडे जादा धरून एकूण १५०. प्लॅस्टिकचे उन्हात ठिसूळ होतात आणि पान उलटताना टकटकतात. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशव्यांत प्रती घालायची सूचना नाकारली: दिव्याचा झोत परावर्तित होऊन आतली ओळ दिसत नाही.

२८ मे

सोलोइस्टकडून निरोप: खुल्या जीवर हलकी झिणझिण, बाकी तारांवर नाही.

अशा वेळी आधी साधी कारणं बघायची. फाइन ट्यूनरचा (सूर बारीक जुळवायच्या कळीचा) सैल स्क्रू, हनुवटीच्या पट्टीची सैल झालेली पकड, तारेच्या गुंडाळीचं सुटलेलं टोक, हनुवटीच्या पट्टीला चिकटलेला शेपूट-तुकडा (तारांची खालची टोकं ज्यात अडकवतात तो). तिने चारही तपासले. मग वाद्याच्या कडेने बोटाच्या सांध्याने हलकेच ठोकत जायचं. चिकटलेल्या कडेचा आवाज भरीव येतो, सुटलेल्या कडेचा कागदासारखा. खालच्या बाजूला डावीकडे, सुमारे चार सेंटिमीटर कड सुटलेली निघाली.

यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट हे वाद्य बरोबर बांधलं असल्याचं लक्षण आहे. व्हायोलिनच्या कडा प्राणिज सरसाने, मुद्दाम कमी ताकदीने चिकटवतात. लाकूड आकसलं-फुगलं की आधी सांधा सुटावा, पोटाच्या फळीला चीर जाऊ नये म्हणून. हिवाळ्यातल्या गरम केलेल्या कोरड्या खोल्यांतून वाद्य थेट सरोवराकाठच्या दमट मे महिन्यात आलं. लाकडाला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते, आणि नुसत्या आकड्यापेक्षा अचानक बदल जास्त त्रास देतो. झिणझिण जीवरच का, तर सुटलेल्या कडेचे दोन ओठ हळू, मोठ्या कंपनांना एकमेकांवर आपटतात.

वाद्य कारागिराकडे गेलं. गरम सरस, पातळ सुरीने आत सारून, कडेला शिकंजे, चोवीस तास. दमट हवेत सरस सुकायला वेळ जास्त लागतो, म्हणून तारा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताणल्या. घरी पांढरा गोंद वापरून हे काम कधीही करू नये. तो सांधा पुन्हा उघडताना लाकूड फाटतं.

२ जून

सुरांची बैठक: कंडक्टर, ओबो, क्लॅरिनेट, कॉन्सर्टमास्टर.

प्रश्न परत त्याच जागेचा. हवा तापली की फुंकवाद्यं चढतात आणि तारा उतरतात. नळीतल्या हवेचा नुसता हिशेब केला तर अंशाला सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). प्रत्यक्षात वादकाचा श्वास नळी गरम ठेवतो, त्यामुळे फरक कमी पडतो, पण दिशा तीच. तारेचं उलट: धातू प्रसरण पावतो, ताण कमी होतो, सूर खाली. इतर कुठल्याही सुरावर व्हायोलिनवादक बोट केसभर सरकवून जुळवून घेते. खुल्या तारेवर बोटच नाही. चढलेल्या क्लॅरिनेटखाली उतरलेला जी धरला गेला, तर अकरा सेकंद तो तसाच राहणार. आणि क्लॅरिनेट तिथे इतका हळू वाजवत असतो की ओठांनी खाली ओढायला त्याच्याकडे फारशी जागा नसते.

ठरलेल्या गोष्टी:

सोलोइस्टने वातानुकूलित खोलीत सूर लावून थेट मंचावर यायचं नाही. प्रवेशाआधी वीस मिनिटं वाद्य उघडं करून मंचाच्या बाजूच्या सावलीत थांबायचं, मग सूर. क्लॅरिनेटवाल्यांनी ओव्हर्चरनंतर वाद्य मांडीवर थंड होऊ द्यायचं नाही, बदलाच्या चार मिनिटांत हवा फुंकत राहायची. नाहीतर गार पडलेली नळी खाली सुरू होऊन त्या जागेपर्यंत वर चढते. आणि सोलोइस्टच्या आधी ओबोने पुन्हा सूर जुळवायला ए द्यायचा, ४४० हर्ट्झचा, मीटर बघून.

जी किंचित वर लावावा का, याची चर्चा झाली. आमचं मत नको असं. शुद्ध पंचमाच्या अंतराने लावलेल्या तारांपैकी एकीला मुद्दाम हलवलं की कॅडेन्झातल्या (सोलोइस्टने एकटीने वाजवायच्या भागातल्या) चारही तारांवरच्या उड्यांत ती वेगळी ऐकू येते.

६ जून

तार तुटली तर काय.

ही वेळ आलेली आहे, आणि तीही उन्हाळी महोत्सवात. २६ जुलै १९८६ ला अमेरिकेतल्या टँगलवुडमध्ये चौदा वर्षांची व्हायोलिनवादक मिदोरी लिओनार्ड बर्नस्टाइनची ‘सेरेनेड’ वाजवत होती, संचालनाला स्वतः बर्नस्टाइन. शेवटच्या भागात तिची ई तार तुटली. तिने कॉन्सर्टमास्टरचं व्हायोलिन घेतलं, त्याचीही ई तार तुटली, मग शेजारच्या वादकाचं घेतलं आणि रचना पूर्ण केली. लोकांच्या लक्षात तिचं धैर्य राहिलं, आणि ते रास्तच आहे. पण आमच्यासारख्यांनी बघायचं ते मागच्या वादकांकडे. वाद्यं हातोहात फिरली, कारण कुणी काय करायचं हे त्यांना अंगवळणी होतं.

आमची साखळी: सोलोइस्ट → कॉन्सर्टमास्टर. कॉन्सर्टमास्टर → शेजारी. तुटलेलं वाद्य मागे मागे सरकत सहाव्या स्टँडपर्यंत, तिथल्या आतल्या वादकाकडे सुटी ई तार, छोटी कात्री आणि पेन्सिल (खाचेत ग्राफाइट लावायला). पोलादी ई बसवायला दोन-तीन मिनिटं, ती लवकर स्थिरावते. मध्येच ई सोडून दुसरी तार तुटली तर भाग संपेपर्यंत उसन्या वाद्यावरच वाजवायचं, कारण नवी गुंडाळीची तार उतरत राहते.

तपासताना सापडलेली चूक: सुटी ई तार मणी लावलेल्या टोकाची आणली होती. सोलोइस्टच्या वाद्यावर जुन्या पद्धतीचा छोटा फाइन ट्यूनर आहे, त्याला फासाच्या टोकाचीच तार बसते. आणीबाणीच्या वेळी हे कळलं असतं तर तार हातात असून निरुपयोगी ठरली असती. आता दोन्ही प्रकारच्या दोन-दोन.

शिवाय सोलोइस्टने कॉन्सर्टमास्टर बाईंचं व्हायोलिन तालमीच्या मध्यंतरात पाच मिनिटं वाजवून बघायचं. त्या खांद्याची पट्टी लावत नाहीत, ती लावते. त्या पाच मिनिटांत मानेला ते कळलेलं असलं की पुरे.

९ जून

पहिली तालीम, अडीच तास, त्यात कॉन्चेर्टोला पन्नास मिनिटं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा वाजवून मग दुरुस्ती, असं करायला वेळ नाही. कंडक्टरांनी आधी चार सांधे घेतले.

कॅडेन्झातून पुनरागमन: सोलोइस्ट उड्या मारणाऱ्या गजाने चारही तारांवर भराभर आरोह-अवरोह करत असते आणि त्याच्याखालून वाद्यवृंद मूळ चाल हळूच सुरू करतो. इथे सगळे तिला ऐकून येतात, आणि म्हणूनच उशिरा येतात. मागचा फ्लूट तिच्यापासून नऊ मीटरवर, म्हणजे २६ मिलिसेकंद. ऐकून वाजवलं की परतीचे तेवढेच जोडून पन्नासच्या वर. उपाय: फुंकवाद्यांनी कान बंद ठेवून कंडक्टरांची काठी बघायची, आणि कंडक्टरांनी तिच्या गजाला बघायचं. चौथ्या वेळी बसलं.

जीची जागा: मंचावर छान, तिसाव्या मीटरला व्हायोलिन गायब. फेडर तीन डेसिबल वर घेतला तर तिच्या माइकमधून क्लॅरिनेटही वर आले. मग उलट केलं. फुंकवाद्यांचे माइक दोन डेसिबल खाली, तिचा फक्त एक वर. आणि सोलोइस्टला कंडक्टरांनी सुचवलं की गज ब्रिजच्या (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या) किंचित जवळ, हळू, वजनाने. उपस्वर वाढले, आवाज मोठा न होता ३९२ पुढे आला. वाद्याने केलेली दुरुस्ती मिक्सरपेक्षा नेहमी चांगली.

तिसऱ्या भागाची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट आज राहिला.

१० जून

रंगीत तालीम, संध्याकाळच्याच वेळी. ही वेळ मुद्दाम मागून घेतली होती.

सहा पन्नासला पश्चिमेचं ऊन छताच्या खालून आत आलं आणि मंचाच्या पुढच्या दीड मीटरवर पडलं. नेमकं सोलोइस्टच्या डोळ्यांत आणि व्हायोलिनच्या पोटावर. जुन्या व्हार्निशला थेट ऊन चालत नाही, तापलं की मऊ पडतं. पडदा टांगला असता, पण वाऱ्याने तो शिडासारखा फुगतो. त्याऐवजी तिच्या उभं राहायच्या जागेची फुली ७० सेंटिमीटर मागे, कंडक्टरांचा चौथरा तेवढाच मागे, पहिले दोन स्टँड ४० सेंटिमीटर बाहेर. नव्या जागा पांढऱ्या चिकटपट्टीने आखल्या, जुन्या काढून टाकल्या. दोन्ही खुणा राहिल्या तर बदलाच्या घाईत चौथरा जुन्या जागी जातो.

यातून एक लाभ अनपेक्षित: ती क्लॅरिनेटच्या जवळ आली आणि ती जागा आपोआप सुरात बसायला लागली.

टाळ्यांचा प्रश्न. मेंडेल्सनने तिन्ही भाग न थांबता जोडले आहेत. पहिला भाग दणक्यात संपतो, आणि त्या शेवटच्या आवाजातून एकटा बासून बी धरून ठेवतो. तो सी वर सरकतो आणि तिथून दुसऱ्या भागाचा सी मेजर उघडतो. उद्घाटनाच्या संध्याकाळी हिरवळीवर दणक्यानंतर टाळ्या येणारच. त्यात गैर काही नाही. मैफलीत जागेवर दाद देणारे आपण ते गैर मानूही नये. पण बासून टाळ्यांखाली गेला तर पुढचा सी मेजर कुठून आला ते कळत नाही.

व्यवस्था: कंडक्टर हात खाली घेणार नाहीत. बासूनला स्वतंत्र माइक, दणका संपताक्षणी चार डेसिबल वर. टाळ्या लांबल्या तर पहिल्या बासूनच्या श्वासाचा प्रश्न येतो, कारण आधीचा दणका त्यानेही वाजवलेला असतो. म्हणून दुसरा बासून सहाव्या सेकंदाला त्याच बीवर हळूच येणार, पहिला श्वास घेऊन परत येणार. दोन्ही प्रतींत पेन्सिलीने खूण केली.

११ जून

दुपारी ३. हवा २९ अंश. वाद्यं छताखालीही उघडी ठेवू नयेत अशी सूचना सगळ्यांना. गाडीच्या डिकीत तर नाहीच.

संध्याकाळी ५.१५. सरोवरावरून वारा सुरू झाला, पाऊण तासात हवा २४ वर. वाऱ्याचा वेग ४ मीटर प्रति सेकंद. माइकला केसाळ आवरण, स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या.

६.२५. सोलोइस्ट बाजूच्या सावलीत, पेटी उघडी. पेटीतला आर्द्रतामापक ५८.

६.४४. ओव्हर्चर संपला. ट्रॉम्बोन, ट्यूबा, हार्प बाहेर. चौथरा खुणेवर. बदल तीन मिनिटं चाळीस सेकंदांत. भाषणं ठरल्यापेक्षा चार मिनिटं लांबली, त्या वेळात क्लॅरिनेट फुंकत राहिले. ओबोने दुसऱ्यांदा ए दिला.

६.५९. सुरुवात. माइक दोन बार आधीच उघडा होता.

७.०२. जी. दुसऱ्या मनोऱ्याखाली उभ्या असलेल्या माणसाने हात वर केला: ऐकू येतोय. क्लॅरिनेटशी ठोके (दोन सूर किंचित न जुळल्यावर येणारी थरथर) पडत नव्हते.

७.११. दणका, टाळ्या. जोरदार. बासूनचा बी अकरा सेकंद धरला गेला, दुसरा बासून सहाव्याला आला. टाळ्या विरत गेल्या तसा त्यांच्या खालून तो सूर वर आला, आणि सी वर गेला.

७.१९. तिसऱ्या भागात वाऱ्याच्या एका झोताने दुसऱ्या व्हायोलिनांच्या तिसऱ्या स्टँडवरचं पान सुटलं. चिमटे चार होते, पण पान उलटल्यावर दोनच परत लावले गेले. शेजाऱ्याने गजाच्या टोकाने दाबून धरलं. आवाजात फरक नाही.

७.२५. संपला. तार तुटली नाही.

१२ जून

फेडरचा आलेख जतन केला. जीच्या जागेची पातळी वेगळी नोंदवली: सोलो अधिक १, फुंकवाद्यं उणे २, लो-कट १२०.

प्रती परत पाठवण्याआधी पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या असतात. बार क्रमांक ठेवले. स्टँडच्या जागांच्या खुणा खोडल्या. बासूनच्या दोन प्रतींमधली ‘सहाव्या सेकंदाला’ ही खूण खोडायची की ठेवायची हे प्रतींच्या मालकांना विचारलं आहे. पान उलटणाऱ्या प्रत्येक स्टँडला पुढच्या वेळी चारऐवजी सहा चिमटे.